चाडं, काठवट आणि येळवस

मार्गशीर्ष अमावस्येला दुपारी लातूर शहरात फेरफटका मारून पाहा. बाजारपेठ बंद, रस्ते सामसूम. सगळं शहर शेतात गेलेलं असतं. पंचांग या दिवसाला दर्शवेळा अमावस्या म्हणतं, आपण येळवस म्हणतो. हा शब्द शेजारच्या कानडी मुलखातून आला आणि लातूर, धाराशिव, नांदेडचा काही भाग इथं घरचा झाला.

शेतात कडब्याची कोप उभारायची, पाच पांडवांची पूजा करायची आणि जेवायला बसायचं. ज्वारीच्या पिठाची, ताकातली आंबील. बाजरीचे उंडे. हिरवे दाणे आणि पालेभाज्या एकत्र शिजवून केलेली भज्जी. गव्हाची खीर. ज्याला शेत नाही, त्याला आवर्जून बोलवायचं. वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारायची. या दिवशी कुणी उपाशी परत जात नाही.

या जेवणाबद्दल आपण खूप बोलतो. पण ते ताटात येईपर्यंत कोणकोणत्या वस्तूंतून आलं, हे सहसा विचारत नाही. त्यातल्या तीन वस्तू पाहू. तिन्ही लाकडाच्या आणि तिन्ही गावच्या सुताराच्या हातच्या.

पहिली वस्तू म्हणजे तिफणीचं चाडं. ही लाकडाची कोरलेली वाटी. तिच्या तळाला तीन भोकं, त्यातून नळ्यांवाटे बी फणांमागं जमिनीत पडतं. पेरणारी बाई चाड्यावर मूठ धरून चालते. मुठीतून बी किती सोडायचं हे तिच्या हातात, पण ते तिन्ही नळ्यांत सारखं वाटलं जाणं सुताराच्या हातात. एखादं भोक जरा मोठं पडलं, की एक तास दाट आणि दुसरं विरळ. सुताराची चूक मग सुगीपर्यंत अख्ख्या शिवाराला दिसणार. दुसरी वस्तू काठवट, एकसंध लाकडातून कोरलेली, जोड नसलेली. भाकरीचं आणि उंड्याचं पीठ तिच्यात मळायचं. संत रोहिदासांच्या कथेत गंगा अवतरते तीही काठवटीतच. तिसरी वस्तू रवी. ती नसेल तर ताक नाही आणि ताक नसेल तर आंबील नाही.

या कामाचा मोबदला रोख नव्हता. सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक आणि बहुतेक गावांत थोरल्या ओळीतला. वर्षभर औत-तिफण दुरुस्त ठेवायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्य घ्यायचं. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात ही व्यवस्था तपशिलानं आली आहे. तिचे गोडवे गाण्याचं कारण नाही. धंदा जातीनं ठरत होता. खळ्यावरचं माप शेतकऱ्याच्या मर्जीवर होतं. ओळीत खाली असणाऱ्यांच्या वाट्याला धान्यापेक्षा अपमान जास्त येई. ती व्यवस्था मोडली, हे योग्यच झालं. मात्र व्यवस्थेबरोबर कारागिरीही मोडायला हवी होती, असं नाही.

ही कारागिरी केवढी होती, हे आपल्याला एका काळरात्री कळलं. ३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जन करून माणसं झोपलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सरकारी आकड्यानुसार ७,९२८ माणसं गेली. आपली माळवदं म्हणजे मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर मातीचा जाड थर. तेच ओझं अंगावर आलं. अभियंत्यांनी पाहणी केली, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. छत थेट भिंतींवर टेकलेलं होतं तिथं सारंच खाली आलं. पण छताचा भार लाकडी खांबांनी आणि तुळयांनी पेलला होता, तिथं भिंती पडूनही काही घरांची छतं उभी राहिली. त्या खांबांखाली काही माणसं वाचली असतील, तर ती एका अनाम सुताराच्या सांध्यामुळे.

पुढं नव्या जागी सिमेंटची घरं झाली. भीतीपोटी लोकांनी दगड-मातीकडे पाठ फिरवली, ते समजण्यासारखं आहे. पण त्यात लाकूडकामही गेलं. शिवारात ट्रॅक्टर आला आणि त्यामागं लोखंडी पेरणीयंत्र. देवणी आणि लालकंधारी बैलांच्या जोड्या कमी झाल्या, तशी लाकडी तिफणही अडगळीत गेली. काठवटीच्या जागी स्टीलची परात आली. सागाच्या जंगलाची आपल्याला वाण नव्हती. किनवट तालुका १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबादेतून नांदेड जिल्ह्यात आला, तो सागवान घेऊनच. त्याच पुनर्रचनेत निर्मल मात्र आंध्रात गेलं. तिथल्या लाकडी खेळण्यांना नाव मिळालं. आपल्या चाड्यावर कुणाचं नाव कधी नव्हतंच.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. जपानच्या ओइता प्रांतात ओयामा नावाचं डोंगराळ गाव होतं. सरकार भात पिकवा म्हणत होतं. जमीन भातासाठी अपुरी होती. १९६१ साली गावानं ठरवलं, आपण आंबट आलुबुखाराची आणि चेस्टनटची झाडं लावायची. त्या फळांचे टिकाऊ पदार्थ बनवून गावानं विकले. ते पाहून प्रांताचे गव्हर्नर मोरिहिको हिरामात्सू यांनी १९७९ साली ‘एक गाव, एक उत्पादन’ ही चळवळ सुरू केली. ओयामा २००५ साली ज्या हिता शहरात विलीन झालं, ते सुगी नावाच्या लाकडासाठी आणि त्यापासून होणाऱ्या गेटा या खडावांसारख्या पादत्राणांसाठी प्रसिद्ध आहे. तिथं पाहुणा फळाचा पदार्थ चाखतो आणि लाकडी वस्तूही घेऊन जातो.

आपल्याकडे दोन्ही बाजूंनी सुरुवात झाली आहे. २०२४ साली लातूरच्या तीन पदार्थांना भौगोलिक मानांकन मिळालं: पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि कास्ती कोथिंबीर. त्याआधी १७ सप्टेंबर २०२३ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच, केंद्र सरकारची विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्या अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे. पण चिंचेची फाईल वेगळी आणि सुताराची वेगळी. खळ्यावर जे एकत्र येत होते, ते कागदावर अजून भेटलेले नाहीत.

ती भेट घडवायला सरकारचीच वाट पाहायला हवी असं नाही. येत्या येळवशीला गावातल्या वयोवृद्ध सुताराला मानानं शेतात बोलवा. आता बलुतं मागायला नव्हे, पाहुणा म्हणून. अडगळीतली तिफण बाहेर काढा. चाड्याची भोकं कशी मापली, काठवटीला कोणतं लाकूड निवडलं, ते त्यांना विचारा आणि शाळेतल्या पोरांना लिहून घेऊ द्या. आणि मग आंबिलीचा पहिला पेला त्यांच्या हातात द्या. ती ज्या रवीनं घुसळली, ती त्यांच्याच घराण्यातल्या कुणी केलेली असण्याची शक्यता मोठी आहे.