वाटीभर खिम्याचा इतिहास

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आम्ही काही लिहावे असा संपादक-मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा प्रश्न पडला. पन्नास वर्षांतील अध्यक्ष, कार्यवाह, गणेशोत्सव आणि नाट्यप्रयोग यांचा वृत्तान्त इतर लेखक अधिकाराने लिहितील. आम्ही स्वयंपाकघरातील एक छोटासा विषय निवडला आहे. तो विषय म्हणजे खिमा. वाचकांनी हसू नये. हसण्याची पाळी प्रथम आमच्यावरच आली होती.

त्याचे असे झाले. आमचा पुतण्या अमेरिकेत मिशिगन राज्यात राहतो. एका रविवारी त्याचा फोन आला. "काका, थोरली आजी वर्षतोडकूला खिमा करीत असे, त्याची कृती सांगा. मुलांना हॉट डॉगवर घालायचा आहे." हॉट डॉग म्हणजे लांबट पावात ठेवलेले सॉसेज. तिकडे त्यावर मसालेदार खिम्याचे दाट कालवण ओतण्याची पद्धत आहे आणि त्या कालवणाला चिली म्हणतात. आमच्या आईचा खिमा आणि हॉट डॉग! आम्ही मोठ्याने हसलो. मग कृती सांगण्यासाठी तोंड उघडले, आणि ती आपल्याला येत नाही हे लक्षात येऊन हसू मावळले. आई जाऊन बरीच वर्षे झाली. तिने कधी काही लिहून ठेवले नाही. तिचे माप म्हणजे तिची मूठ आणि तिचा तळहात. ते दोन्ही तिच्याबरोबर गेले.

आमचे घर कृष्णराजनगरचे. हे गाव म्हैसूरच्या वायव्येस, हासनकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. मूळ वस्ती कावेरीकाठच्या येडतोरे येथे होती. 1924 च्या महापुराने येडतोरेची दुर्दशा केली. त्यानंतर वरच्या अंगाला नवे गाव आखून वसविण्यात आले आणि त्याला महाराजा कृष्णराज वडियार चौथे यांचे नाव देण्यात आले. सभोवार कालव्यांच्या पाण्यावरची भातशेती असल्यामुळे या तालुक्याला भाताचे कोठार म्हणतात. अशा कानडी मुलखात आमच्यासारखी मराठी घरे आली कोठून, असे नवीन ओळखीचे लोक विचारतात. त्याचे उत्तर जुने आहे.

विजापूरकरांच्या वतीने शहाजीराजे कर्नाटकात आले आणि 1638 नंतर बंगळूर त्यांच्या जहागिरीचे ठाणे झाले. 1664 साली त्यांचा अंत झाला तोही याच भूमीत, चन्नगिरीजवळच्या होदिगेरे येथे. त्यांची समाधी तेथे आहे. त्यांचे पुत्र व्यंकोजी यांनी तंजावरास राज्य स्थापिले. शिपाई, शिलेदार, कारकून, दप्तरदार आणि त्यांच्या मागोमाग त्यांची कुटुंबे अशी मराठी वस्ती कर्नाटकात आणि तमिळ देशात विखुरली. पुढे म्हैसूरच्या दिवाणपदावर व्ही. पी. माधवराव आणि टी. आनंदराव ही तंजावरी मराठी घराण्यांतील माणसे एकामागून एक आली. हा इतिहास पुस्तकांतून आहे. या माणसांबरोबर त्यांच्या चुलीही आल्या, त्यांचा इतिहास मात्र फारसा कोणी लिहिलेला नाही.

एक सन्माननीय अपवाद तंजावरचा. सरफोजी राजे दुसरे यांच्या कारकिर्दीतील, म्हणजे 1798 ते 1832 या काळातील, राजवाड्याच्या मुदपाकखान्याच्या कृती 'सरभेंद्र पाकशास्त्र' या मराठी ग्रंथात नोंदविलेल्या आहेत. त्यांत शाकाहारी पदार्थांबरोबर मांसाचे पदार्थ आहेत आणि इंग्रजी तऱ्हेच्या पदार्थांचीही दखल घेतलेली आहे. परमुलखात राज्य करणारा मराठी राजा परक्यांचे पदार्थही आपल्या ग्रंथात लिहून ठेवतो, ही गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते. त्याहून कितीतरी मागे, बाराव्या शतकात, कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात मांसाचे नाना प्रकार वर्णिले आहेत. आतड्यात सारण भरून निखाऱ्यावर भाजण्याचा प्रकारही त्यांत आहे. तेव्हा सॉसेज ही वस्तू दख्खनला अगदीच अनोळखी होती असे समजण्याचे कारण नाही.

आता खिम्याकडे वळू. हा शब्द मूळचा आपला नव्हे. तुर्की भाषेत बारीक चिरणे या अर्थाचे क्रियापद आहे, त्यापासून 'कियमा' झाला. तोच फारसीतून हिंदुस्थानात आला. अबुल फजलच्या 'आइन-इ-अकबरी'त, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस, किमा पुलाव आणि किमा शोरबा ही नावे आढळतात. मराठीत त्याचा खिमा झाला, कानडीत कैमा. म्हैसूरकडे खिम्याचे गोळे करून रश्शात सोडतात, त्यांस 'कैमा उंडे' म्हणतात. आमच्या घरच्या मराठीतही तोच शब्द रुळला.

परंतु हा शब्द पूर्वेकडेच आला असे नाही. उस्मानी साम्राज्याच्या छायेत तो पश्चिमेकडे ग्रीकांच्या घरांतही शिरला आणि तेथे 'किमास' झाला. खिम्याच्या मसालेदार सॉसला ते 'साल्त्सा किमा' म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी, विशेषतः 1912-13 च्या बाल्कन युद्धांच्या सुमारास, ग्रीस आणि मॅसिडोनियाच्या खेड्यांतून हजारो तरुण अमेरिकेस गेले. पुष्कळसे एकटेच. त्यांच्यापैकी काहींनी कारखान्यांच्या शहरांत लहान लहान खाणावळी काढल्या. गिऱ्हाईक म्हणजे पाळी संपवून आलेला कामगार. त्याला स्वस्त, गरम आणि हातात धरून खाता येईल असे अन्न हवे होते. सॉसेज आणि पाव तेथे तयार होतेच. त्यांवर या मंडळींनी आपल्या गावचा मसाल्याचा खिमा ओतला, वर कच्चा कांदा आणि मोहरीची चटणी घातली. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड या हॉट डॉगसाठी नावाजलेल्या ठिकाणाचे नाव त्यास मिळाले. डेट्रॉइट शहरात गस्ट केरोस या ग्रीक गृहस्थाने 1917 मध्ये काढलेले अशा हॉट डॉगचे दुकान आजही प्रसिद्ध आहे. सिनसिनाटी शहरात 1922 मध्ये किराद्जीफ या मॅसिडोनियन बंधूंनी अशाच खिम्यात दालचिनी, लवंग घालून तो शेवयांसारख्या स्पॅगेटीवर वाढण्यास सुरुवात केली.

आमचा पुतण्या ज्या राज्यात राहतो त्याच राज्यातील ही डेट्रॉइटची गोष्ट. त्याच्या मुलांना जी चिली आवडते तिच्यामागे 'किमास' आहे आणि आमच्या आईच्या पातेल्यात जो होता तो खिमा. एकाच शब्दाची दोन भावंडे जगाच्या दोन टोकांना नांदत होती आणि त्यांची भेट एका फोनमुळे झाली. आमचे हसू किती अज्ञानाचे होते हे तेव्हा कळले.

दूर गेलेल्या माणसाच्या अन्नाचा हा नियमच दिसतो. मसाला तो घरून नेतो आणि पाव, पोळी किंवा भात त्या मुलखाचा घेतो. मुंबईचा खिमा-पाव तरी काय? पाव हा शब्द पोर्तुगीज. तो भाजणारे गोव्याचे. खिमा-पाव मांडणारे इराणी. आणि खाणारे सर्व प्रांतांचे. गिरणगावात कोकण-घाटावरून आलेल्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळी बायका चालवीत. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, तेव्हा कोठे त्या बायकांच्या कष्टांना संघटनेचे बळ लाभले. आमच्याकडे जुन्या म्हैसूर प्रांतात मांसाहारी खाणावळीला 'मिलिटरी हॉटेल' म्हणतात. त्यांपैकी काही मराठा कुटुंबांनी चालविलेली. बंगळूरचे शिवाजी मिलिटरी हॉटेल हे त्यांतील प्रसिद्ध नाव. पाव म्हणाल तर आम्हांला तो अय्यंगार बेकरीतून मिळे. हासनकडच्या अय्यंगार मंडळींनी या प्रांतभर बेकऱ्या काढल्या. त्यांत अंडेसुद्धा वर्ज्य. त्या सोवळ्या बनपावात आमच्या घरचा खिमा भरला जाई. उगादीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे वर्षतोडकूला, सकाळी मटण आणण्यासाठी गर्दी उडे, दुपारी पंगत होई आणि उरलेला खिमा संध्याकाळी पोरे बनमध्ये घालून अंगणात खात. म्हणजे पुतण्याने जे मागितले ते त्याने लहानपणी स्वतः खाल्लेलेच होते. विसरलो होतो ते आम्ही.

कृती मिळवावी कशी? आमच्या तिघी बहिणी तीन गावी आहेत. प्रत्येकीला विचारले. थोरली म्हणाली, टोमॅटो मुळीच नव्हता. मधली म्हणाली, होता. धाकटीने पुदिन्याची आठवण दिली, ती इतर दोघींनी मान्य केली. तिघींचे एकमत फक्त एका गोष्टीवर झाले : आई खिमा चुलीवर ठेवण्यापूर्वी गार पाण्यात बोटांनी मोकळा करी. पुढे वाचनात आले की सिनसिनाटीचे लोकही खिमा आधी परतत नाहीत, गार पाण्यातच कुस्करून मग उकळतात. तापलेल्या तेलात पडला की खिम्याच्या गुठळ्या धरतात. पाण्यात मोकळा केलेला खिमा शिजल्यावर कालवणात एकजीव होतो आणि पावावर नीट बसतो. दोन आयांनी, एकमेकींचे नावही न ऐकता, हाच मार्ग काढला होता.

चार वेळा करून पाहिल्यावर जी कृती बहिणींनी मान्य केली ती येथे मापासह देतो. बकऱ्याचा बारीक खिमा अर्धा किलो. तो दोन वाट्या गार पाण्यात मोकळा करावा. बिया काढलेल्या पाच ब्याडगी मिरच्या रंगासाठी व दोन गुंटूर मिरच्या तिखटपणासाठी, दोन चमचे धणे, एक चमचा जिरे, आठ मिरी, चार लवंगा, बोटाच्या पेराएवढी दालचिनी व एक चमचा खसखस हे सर्व कोरडे भाजावे. त्यांत दोन चमचे भाजलेले सुके खोबरे, आठ पाकळ्या लसूण, बोटभर आले आणि मूठभर कोथिंबीर-पुदिना घालून पाट्यावर गंधासारखे वाटावे. दोन कांदे तेलात तांबूस करून त्यांवर वाटण व हळद घालावी आणि तेल सुटेपर्यंत परतावे. मग पाण्यासह खिमा व मीठ घालून, एकसारखे ढवळीत उकळी आणावी. मंद आचेवर पाऊण तास शिजवावे. शेवटी दोन चमचे डाळ्यांचे पीठ पाण्यात कालवून लावावे आणि उतरविल्यावर लिंबू पिळावे. पावावर घालावयाचा असेल तर डाळ्यांचे पीठ तीन चमचे घ्यावे, म्हणजे ओघळत नाही. मिशिगनमध्ये याच कामासाठी काही जण बिस्किटांचा चुरा घालतात, असे पुतण्या सांगतो.

एक सूचना परदेशातील घरांसाठी. तिकडे चिली पावडर म्हणून जी पुडी मिळते ती नुसती मिरची नव्हे. तिच्यात जिरे, लसूण, ओरेगानो हा सुका पाला इत्यादी आधीच मिसळलेले असतात. पुतण्याने पहिल्या वेळी आमच्या मापाने तीच घातली आणि पातेलेभर खिमा वाया गेला. तिकडच्या चिलीत बहुधा गोमांस असते. आमच्या पुतण्याच्या घरी कोकराचा किंवा टर्की पक्ष्याचा खिमा घेतात. टर्कीचा खिमा कोरडा पडतो, म्हणून ते तेल थोडे अधिक घालतात.

ही कृती आईची आहे काय? प्रामाणिकपणे सांगावयाचे तर अगदी तिची नव्हे. धाकटी म्हणते, चव जवळपास आली. थोरली म्हणते, वास आला पण चव आली नाही. थोरलीचे म्हणणे खरे असावे. आईच्या हयातीत एखाद्या दुपारी वही घेऊन चुलीपाशी बसलो असतो तर हे घडते ना. तंजावरच्या राजाने आपल्या आचाऱ्यांकडून लिहवून घेतले, म्हणून ते दोनशे वर्षे टिकले. आम्ही शिकलेसवरलेले, पण आम्हांला ते सुचले नाही. आईनेही कदाचित आपले ज्ञान लिहून ठेवण्याजोगे आहे असे मानले नसेल, आणि तसे तिला कोणी सांगितलेही नाही. याचे दुःख होते.

म्हणून मंडळाच्या सभासदांस आमची एक विनंती आहे. या स्मरणिकेत कार्यकारिणीची छायाचित्रे आहेत, ती असावीतच. परंतु पन्नास वर्षे ज्यांनी मंडळाच्या पंगतींसाठी मसाले कुटले, पुरणे वाटली, त्यांची नावे कोठे नाहीत. मंडळाने एक जाड वही घ्यावी. घराघरांतील एकेक कृती, शाकाहारी असो वा मांसाहारी, मापासह आणि करणारीच्या नावासह तीत उतरवावी. ज्यांच्या घरी आई, आजी, सासूबाई आहेत त्यांनी येत्या रविवारीच हे काम हाती घ्यावे. मूठ म्हणजे किती हे विचारून ती मूठ वाटीत ओतून मोजावी.

पुतण्याची धाकटी मुलगी आता खिम्याला 'आजीची चिली' म्हणते. प्रथम ते आमच्या कानांना खटकले. परंतु कियमाचा खिमा झाला, कैमा झाला, किमास झाला. त्यात आणखी एका नावाची भर पडली तर बिघडले काय? नावात आजी राहिली आहे, एवढे आम्हांला पुरे आहे.

मंडळाच्या शतकमहोत्सवाची स्मरणिका जे कोणी वाचतील त्यांच्या हाती ती वही असावी, अशी सदिच्छा व्यक्त करून आम्ही हा लेख पुरा करतो.