वॉलेटमध्ये नवे नेटवर्क जोडताना

मेटामास्कसारख्या सॉफ्टवेअर वॉलेटच्या यादीत नसलेले ब्लॉकचेन नेटवर्क वापरकर्त्याला स्वतः जोडता येते. त्यासाठी नेटवर्कचे नाव, आरपीसी सर्व्हरचा पत्ता, चेन आयडी आणि चलनाचे चिन्ह भरावे लागते. ब्लॉक एक्सप्लोररचा पत्ता ऐच्छिक असतो.

यांत चेन आयडी सर्वांत महत्त्वाचा. इथेरियमचा १, बीएनबी स्मार्ट चेनचा ५६, तर पॉलिगॉनचा १३७ आहे. २०१६ मध्ये इथेरियम आणि इथेरियम क्लासिक विभक्त झाले, तेव्हा एका साखळीवर सही केलेला व्यवहार दुसरीवरही चालवता येत असे. हा धोका टाळण्यासाठी त्याच वर्षी ईआयपी-१५५ या सुधारणेने हा क्रमांक सहीमध्ये गोवण्याची सोय केली.

आरपीसी सर्व्हर हा वॉलेट आणि साखळी यांमधील दुवा होय. खासगी किल्ली त्याच्याकडे जात नाही; परंतु सर्व्हर अप्रामाणिक असल्यास तो खोटी शिल्लक दाखवू शकतो, व्यवहार अडवू शकतो आणि आयपी पत्त्याची खात्याशी सांगड घालू शकतो. खोट्या शिलकेवर विसंबून माल देणारा विक्रेता दोन्हीकडून बुडतो.

म्हणून तपशील प्रकल्पाच्या अधिकृत दस्तऐवजांतून घ्यावा आणि चेनलिस्टवरील नोंदीशी ताडून पाहावा. संकेतस्थळाकडून आलेली जोडणीची विनंती वाचल्याशिवाय मंजूर करू नये. जमा रक्कम स्वतंत्रपणे शोधलेल्या एक्सप्लोररवर पडताळावी आणि पहिला व्यवहार अल्प रकमेचा ठेवावा. नेटवर्क जोडण्यासाठी गुप्त शब्दावली कधीही लागत नाही. ती मागणारा भामटाच समजावा.