गरम पेये देणाऱ्या कर्मचाऱ्यांचे सुरक्षा प्रशिक्षण

गरम पेये देणाऱ्या कर्मचाऱ्यांचे सुरक्षा प्रशिक्षण म्हणजे चहा, कॉफी, दूध इत्यादी पेये उकळणे, ओतणे, वाहून नेणे आणि ग्राहकाला देणे ही कामे स्वतः न भाजता व इतरांस न भाजू देता कशी करावीत, याचे शिक्षण होय. उपाहारगृहे, चहाच्या टपऱ्या, कारखाने व खाणी यांतील कॅन्टीन, एसटी स्थानके, रेल्वे आणि विमाने या सर्व ठिकाणी त्याची गरज भासते. महाराष्ट्रात हे शिक्षण बहुतांशी तोंडी असते. जुना कामगार नव्याला जेवढे सांगेल तेवढेच.

तापमान आणि इजा

महाराष्ट्रात चहा दूध-साखर घालून उकळला जातो, त्यामुळे तो पातेल्यातून उतरतो तेव्हा उत्कलनबिंदूच्या जवळ असतो. मॉरिट्झ आणि हेन्रिकेस या अमेरिकी संशोधकांनी १९४७ साली त्वचेवरील उष्णतेच्या परिणामांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रौढ माणसाच्या त्वचेला ६० अंश सेल्सिअसला सुमारे पाच सेकंदांत, तर ७० अंशांना सुमारे एका सेकंदात खोल इजा होते. लहान मुले व वृद्ध यांची त्वचा पातळ असल्याने त्यांना याहून कमी वेळ पुरतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने ग्राहकाची आवड आणि भाजण्याचा धोका यांचा मेळ घालून सुमारे ५८ अंश हे तापमान सुचवले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली ६५ अंशांहून गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगास बहुधा कारणीभूत ठरतात, असे वर्गीकरण केले.

या विषयातील सर्वांत गाजलेला खटला अमेरिकेतील आहे. १९९२ साली आल्बुकर्क येथे ७९ वर्षांच्या स्टेला लीबेक यांच्या मांडीवर मॅक्डॉनल्ड्सची कॉफी सांडली आणि त्यांना त्वचारोपण करावे लागले. कॉफी ८२ ते ८८ अंशांवर ठेवली जात असल्याचे व त्यापूर्वीच्या दहा वर्षांत भाजल्याच्या सातशेहून अधिक तक्रारी आल्याचे सुनावणीत उघड झाले. १९९४ साली ज्यूरीने निकाल त्यांच्या बाजूने दिला, मात्र वीस टक्के दोष त्यांचाही धरला. हा खटला पुष्कळदा थट्टेचा विषय होतो. तपशील वाचल्यावर थट्टा करण्याजोगे त्यात फारसे उरत नाही.

भारतातील स्थिती

टपरीवर चहा पोहोचवणारा हा पूर्वी बहुधा अल्पवयीन पोऱ्या असे. १० ऑक्टोबर २००६ पासून ढाबे, उपाहारगृहे व चहाची दुकाने येथे चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आली आणि २०१६ च्या दुरुस्तीने ती जवळजवळ सर्व व्यवसायांना लागू झाली. उकळत्या किटलीजवळ लहान मूल असू नये, हा सुरक्षेचा पहिला नियम अशा रीतीने कामगार कायद्यातून आला.

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खालील भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा ‘फॉस्टॅक’ हा प्रशिक्षण कार्यक्रम २०१७ पासून चालतो. रस्त्यावरील विक्रेत्यांसाठीही त्यात अभ्यासक्रम आहे. त्याचा भर स्वच्छता आणि जंतुसंसर्ग टाळणे यांवर आहे. त्या दृष्टीने अन्न गरम ठेवणे हा गुण ठरतो. ग्राहकाच्या हाताच्या दृष्टीने तोच धोका असतो. ही दोन्ही अंगे एकत्र शिकवली गेली पाहिजेत. भाजलेल्या कर्मचाऱ्यास नुकसानभरपाईच्या कायद्याखाली आणि ग्राहकास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली दाद मागता येते.

कामाची पद्धत

पातेले धरताना फडके कोरडे असावे. ओल्या फडक्यातून उष्णता झटकन हाताला लागते, आणि टपरीवरचे फडके नेहमी ओलेच असते. पातेले उचलण्यास सांडशी वापरावी, तिचे तोंड सैल झाले असल्यास ती बदलावी. गार पाण्यातून नुकत्याच विसळलेल्या काचेच्या ग्लासात उकळता चहा ओतल्यास ग्लास तडकतो. आधी थोडे कोमट पाणी फिरवून घ्यावे.

ग्लास काठोकाठ भरू नये. ‘कटिंग’चा ग्लास अपुरा भरलेला असल्याने वरच्या रिकाम्या कडेला धरता येतो, काटकसरीतून आलेली ही रीत सुरक्षिततेलाही उपकारक ठरली. बशीत ओतलेला चहा पसरट पृष्ठभागामुळे लवकर निवतो, म्हणून लहानांना व वृद्धांना बशी आवर्जून द्यावी.

चहा हातातून हातात देण्याऐवजी टेबलावर ठेवावा, कपाचा कान ग्राहकाकडे करावा आणि ‘गरम आहे’ असे स्पष्ट म्हणावे. बसलेल्या माणसांच्या डोक्यावरून ट्रे नेऊ नये. मांडीवर मूल असलेल्या व्यक्तीपुढे ग्लास मुलाच्या हाताबाहेर ठेवावा. एकाच हाताच्या बोटांत चार-पाच ग्लास धरण्याचे कसब प्रेक्षणीय असले तरी शिकवण्याजोगे नाही. त्यासाठी तारेचा स्टँड असतो. एसटी सुरू झाल्यावर खिडकीतून ग्लास देऊ नये, मग पैसे बुडाले तरी चालतील.

पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दिलेला चहा विशेष धोक्याचा, कारण गाठ सुटली वा पिशवी फाटली की सर्व चहा एकदम पायावर पडतो. महाराष्ट्रात २०१८ पासून अशा पिशव्यांवर बंदी आहे. पार्सलसाठी झाकणाची किटली किंवा थर्मास द्यावा.

प्रथमोपचार

भाजलेल्या भागावर सुमारे वीस मिनिटे गार वाहते पाणी सोडावे. सूज येण्यापूर्वी अंगठ्या व बांगड्या काढाव्यात. भिजलेले कपडे त्वचेला चिकटले नसल्यास दूर करावेत. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद, तूप यांपैकी काहीही लावू नये. नंतर स्वच्छ कोरड्या कापडाने भाग सैल झाकावा. चेहरा, हात वा गुप्तांग भाजल्यास, फोड मोठे असल्यास किंवा रुग्ण मूल असल्यास दवाखान्यात न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरील टाकीचे पाणी स्वतःच कढत असते, हे प्रशिक्षणात मुद्दाम सांगावे लागते. अशा वेळी माठातील वा रांजणातील पाणी ओतत राहावे.

यवतमाळ जिल्ह्यातील राजूरसारख्या, कोळसा खाण व चुनाभट्ट्या असलेल्या गावी आणखी एक भेद समजावून द्यावा लागतो. कळीच्या चुन्याने भाजल्यास प्रथम कोरडी भुकटी झटकून काढावी व मगच भरपूर पाणी सोडावे, कारण थोड्या पाण्याने चुना अधिक तापतो. चहाने भाजल्यास मात्र क्षणाचाही विलंब न करता पाणी हाच पहिला उपाय होय.