पट्टा, कबुलायत आणि खाडाखोड

भाडेपत्रावर उभय पक्षांच्या स्वाक्षऱ्या झाल्यानंतर मालकाने त्यातील मजकूर परस्पर बदलला, तर भाडेकरूला कोणता आधार उरतो, हा प्रश्न सामान्यतः विधिज्ञांवर सोपविला जातो. परंतु त्याचा मोठा भाग लेखनव्यवहाराच्या इतिहासात मोडतो. कागद कोणाच्या हाती राहतो व त्यावर कोणाची सही असते, ह्यावर दुर्बल पक्षाचे संरक्षण दीर्घकाळ अवलंबून राहिले आहे. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ह्या कल्याणलगतच्या टापूत हा इतिहास विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळतो.

लिहिलेल्या शब्दात मागाहून फेरफार होईल, ही चिंता येथे जुनी आहे. अंबरनाथच्या शिवालयात शके ९८२ (इ. स. १०६०) चा लेख असलेले मुम्मुणी शिलाहाराचे घराणे भूमिदाने ताम्रपटांवर कोरवून देई, पत्रे एका कडीत ओवून कडीवर गरुडाची मुद्रा असे, म्हणजे मधला पत्रा बदलता येऊ नये. पटाच्या अखेरीस अक्षर उणे असो वा अधिक, ते सर्व प्रमाण मानावे, अशा आशयाचे वाक्यही येते. पुढे मोडी कागदांत हेच काम मोर्तबाने व दोन बंदांच्या सांध्यावर उमटविलेल्या शिक्क्याने केले. मोर्तबाखाली लिहिलेली ओळ कागदाची नव्हे, हे वाचणारास दिसताक्षणीच कळे.

कुळाच्या बाबतीत मात्र खरे संरक्षण शिक्क्यात नव्हते. ते कागदांच्या जोडीत होते. ‘पट्टा’ हा शब्द संस्कृत ‘पट्ट’ ह्यापासून आलेला, तर ‘कबुलायत’ अरबी-फारसी परंपरेतून. पट्टा देणाराने लिहून द्यावयाचा व घेणाराने जपावयाचा. कबुलायत घेणाराने लिहून द्यावयाची व देणाराने जपावयाची. प्रत्येकाच्या पेटीत दुसऱ्याच्या हातचा कागद. मालकाने आपल्याजवळच्या कबुलायतीत आकडा वाढविला, तर त्याचीच सही असलेला पट्टा त्याच्याविरुद्ध साक्ष देई. दोन भिन्न भाषाकुळांतील हे दोन शब्द एकाच व्यवहारात जोडीने नांदले, ह्याचे कारण ही परस्परसाक्ष होय, असे मला वाटते. व्यवहारात पट्टा पुष्कळदा दिलाच जात नसे आणि कुळाची कबुलायत तेवढी घेतली जाई. निरक्षर कुणब्याने सहीऐवजी काढलेली नांगराची निशाणी त्याच्या संमतीची खूण होती, परंतु वरील मजकूर त्याला वाचता येत नव्हता.

१९०८ च्या नोंदणी कायद्याने ‘भाडेपट्टा’ ह्या संज्ञेत कबुलायतीचाही समावेश केला. केवळ भाडेकरूची सही असलेला कागद भाडेपट्टा ठरतो की नाही, हा वाद १९२९ च्या दुरुस्तीने मिटला. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात तिने नोंदणीकृत भाडेपट्ट्यावर उभय पक्षांच्या सह्या आवश्यक केल्या. सुधारणा योग्यच होती. तथापि दोघांच्या सह्या एका कागदावर आल्या व तो कागद बहुधा मालकाच्या कपाटात गेला. जोडी मोडली ती येथे. नोंदणी झालेल्या लेखाची प्रत सरकारदप्तरी असते. ज्याची नोंदणीच नाही, त्याला ताडून पाहण्यास दुसरा लेख उरत नाही.

फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधमधील निर्वासित येऊन राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी ह्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. अरबी वळणाच्या सिंधी लिपीत शिकलेल्या माणसापुढे इंग्रजी वा मराठी करारनामा आला म्हणजे त्याची स्थिती नांगर काढणाऱ्या कुणब्याहून फारशी निराळी नसे. सरकारी मालकीच्या इमारतींना १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा लागू नव्हता; खाजगी घरांच्या बाबतीत मात्र त्यातील एक तरतूद फार महत्त्वाची होती. १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे प्रमाणभाडे होय. घर त्यानंतर प्रथमच भाड्याने गेले असेल, तर ते पहिले भाडे हेच प्रमाण, मात्र अवाजवी वाटल्यास न्यायालय ते बदलू शके. नव्याने वसलेल्या गावात बहुतेक घरे ह्या दुसऱ्या प्रकारची. तेव्हा पहिल्या भाडेपत्रातील एक आकडा पुढील कित्येक वर्षांचे भाडे ठरवीत असे, आणि खाडाखोडीचा मोह नेमका तेथेच होता.

ह्याच कायद्याने भाड्याची पावती न देणे हा अपराध ठरविला. पावती म्हणजे मालकाच्या सहीचा, भाडेकरूच्या हाती राहणारा कागद. वेगळ्या वेषात परतलेला पट्टाच तो! अशा पावत्यांची चळत असलेल्या भाडेकरूपुढे वाढविलेला आकडा टिकणे कठीण.

बदलापूरच्या भातशेतीत कायद्याने निराळा मार्ग धरला. १९४८ च्या कुळकायद्याने दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणाऱ्यास, तो मालकाच्या कुटुंबातला, मजूर वा गहाणदार नसल्यास, कूळ मानले. कागद बदलून कसणूक बदलत नाही. १ एप्रिल १९५७ ह्या कृषकदिनी मालकी मिळाली ती ह्याच तत्त्वावर.

शहरात भांडण आकड्यावरून शब्दावर आले. ‘भाडेकरू’ ऐवजी ‘परवानाधारक’ असे लिहिले की संरक्षण सुटे. १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताबा असलेल्या परवानाधारकांना भाडेकरू मानले. नंतरच्यांना तो लाभ नाही. मागाहून फिरविलेल्या कागदाविषयी दंडविधानाचे मत पहिल्यापासून स्पष्ट आहे. सही झालेल्या लेखाच्या महत्त्वाच्या भागात अधिकाराविना, अप्रामाणिकपणे केलेला बदल १८६० च्या दंडसंहितेने खोटा दस्तऐवज ठरविला व २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही तो तसाच आहे. लेखी करारास तोंडी पुराव्याने बाध येत नाही, हा नियम येथे भाडेकरूच्या आड येत नाही. तो कराराशी विसंगत बोलत नसतो, हा करार आपला नव्हेच असे म्हणत असतो. अडचण असते ती हे म्हणणे शाबीत करण्याची.

३१ मार्च २००० पासून अंमलात आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याचे ५५ वे कलम ह्याच अडचणीस हात घालते. करार लेखी व नोंदणीकृत असावा. नोंदणीची जबाबदारी मालकाची, कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद वा ५,००० रुपयांपर्यंत दंड वा दोन्ही. असा नोंदणीकृत करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ग्राह्य. अकरा महिन्यांचा करार करून नोंदणी टाळण्याची जुनी वाट ह्याने बंद झाली. आता नोंदणीविना ठेवलेला कागद मालकाने कितीही कुशलतेने सुधारला, तरी त्या कागदाविरुद्ध बोलणाऱ्या माणसाचा शब्द आधी ऐकला जातो, आणि तो खोडून काढण्याचा भार मालकावर पडतो.