ब्रेस्ट इम्प्लांट, गरोदरपण आणि आईचे दूध : चुकीच्या प्रश्नाची तीस वर्षे

"डॉक्टर, लग्नाआधी इम्प्लांट बसवून घेतले होते. आता दिवस गेले आहेत. बाळाला अंगावर पाजले तर चालेल ना? सिलिकॉन दुधात उतरणार नाही ना?"

हा प्रश्न आपल्याकडेही आता विचारला जातो, बहुधा हळू आवाजात आणि घरचे कोणी सोबत नसताना. उत्तर सरळ आहे : पाजले तर चालते, पाजावेच. पण हे उत्तर मिळायला वैद्यकशास्त्राला तीस-पस्तीस वर्षे लागली. त्या काळात भीती एका गोष्टीची बाळगली गेली आणि खरी अडचण दुसरीच होती. तो इतिहास कळला की आज काय विचारायचे, हेही आपोआप कळते.

सुरुवात : चरबी, पॅराफिन, मग सिलिकॉन

१८९५ साली जर्मनीतील हायडेलबर्गचे शल्यचिकित्सक व्हिन्सेंट झेर्नी यांनी एका स्त्रीच्या स्तनातील गाठ काढली आणि ती पोकळी तिच्याच पाठीवरच्या चरबीच्या गाठीने भरली. त्याच सुमारास व्हिएन्नात रॉबर्ट गेर्सुनी यांनी शरीरात पॅराफिन टोचण्याचे तंत्र आणले. पॅराफिनच्या पुढे टणक गाठी झाल्या आणि जखमा चिघळल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये द्रवरूप सिलिकॉन थेट स्तनात टोचले गेले. त्याचेही परिणाम वाईटच झाले.

मग १९६२ साली अमेरिकेत टेक्सासमधील ह्युस्टन येथे थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो या दोन प्लास्टिक सर्जननी सिलिकॉन जेल रबरी पिशवीत बंद करून स्तनाच्या मागे बसवले. ही शस्त्रक्रिया करून घेणारी पहिली स्त्री टिमी जीन लिंडसी. ती सहा मुलांची आई होती.

या स्त्रियांना पुढे मूल झाले तर दूध येईल का, हा प्रश्न तेव्हा फारसा चर्चेत नव्हता. माझ्या मते त्याचे एक कारण त्या काळातच आहे. बाटलीच्या दुधाची चलती होती आणि १९७० च्या आसपास अमेरिकेत प्रसूतीनंतर बाळाला अंगावर पाजणाऱ्या आया साधारण चारातून एकच होती. जे कोणी फारसे करत नाही, त्याची चौकशी कोण करणार?

भीती कशी पसरली?

अमेरिकेत वैद्यकीय उपकरणांवर कडक नियंत्रण आणणारा कायदा १९७६ साली झाला. इम्प्लांट त्याआधीपासून बाजारात असल्याने सुरक्षिततेचा पुरावा न देताच त्यांची विक्री चालू राहिली. पुढे काही स्त्रियांना सांधेदुखी, थकवा, स्वप्रतिकारक आजार अशा तक्रारी जाणवू लागल्या. कंपन्यांकडे पुरेशी माहिती नव्हती. शेवटी जानेवारी १९९२ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने सिलिकॉन जेलची इम्प्लांट बसवणे थांबवायला सांगितले.

याच वातावरणात, १९९४ साली, 'जामा' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात न्यूयॉर्कच्या डॉक्टरांचा एक निबंध आला. पोटदुखी वगैरे तक्रारींसाठी आलेल्या, आईला इम्प्लांट असलेल्या ११ मुलांची त्यांनी तपासणी केली. त्यातली ८ मुले आईचे दूध प्यायलेली होती आणि त्यांपैकी ६ जणांच्या अन्ननलिकेची हालचाल बिघडलेली आढळली. बातमी सर्वत्र गेली. आया घाबरल्या.

आता यातली मेख पाहा. ही मुले आधीच आजारी होती, म्हणूनच डॉक्टरांकडे आली होती. इम्प्लांट असलेल्या आयांची जी हजारो मुले ठणठणीत होती, ती या अभ्यासात येणारच नव्हती. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसांवरून गावाचे आरोग्य ठरवता येत नाही.

उत्तर दोन बाजूंनी आले

१९९८ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी राष्ट्रीय नोंदींमधून अशा आयांची मुले शोधली. अन्ननलिकेचे विकार त्यांच्यात अपेक्षेपेक्षा जास्त होते खरे. पण स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया केलेल्या, म्हणजे सिलिकॉन अजिबात नसलेल्या आयांच्या मुलांतही ते जास्तच होते. शिवाय इम्प्लांट बसवण्याच्या आधी जन्मलेल्या मुलांतही तसेच दिसले. म्हणजे दोष दुधातल्या सिलिकॉनचा असू शकत नव्हता.

त्याच वर्षी कॅनडात टोरांटो येथे आईचे दूधच तपासले गेले. इथे एक खुलासा करतो. वाळूत असते ते सिलिकॉन हे मूलद्रव्य, आणि इम्प्लांटमध्ये असते ते त्यापासून बनवलेले रबरासारखे संयुग. मराठीत दोन्ही नावे सारखीच लिहिली जातात. संशोधकांनी दुधातले मूलद्रव्य मोजले, कारण इम्प्लांटमधून काही झिरपत असेल तर तेही वाढायला हवे. दर मिलिलिटरमागे सरासरी आकडे असे आले :

- इम्प्लांट असलेल्या आयांचे दूध : सुमारे ५५ नॅनोग्रॅम
- इम्प्लांट नसलेल्या आयांचे दूध : सुमारे ५१ नॅनोग्रॅम
- गाईचे दूध : सुमारे ७०९ नॅनोग्रॅम
- डब्यातले बाळदूध : सुमारे ४४०० नॅनोग्रॅम

पहिल्या दोन आकड्यांत फरक नगण्य आहे. म्हणजे ज्या आईने सिलिकॉनच्या भीतीने अंगावरचे तोडून डब्याचे दूध सुरू केले, तिच्या बाळाच्या पोटात ते मूलद्रव्य कितीतरी पट अधिक गेले! तेवढ्याने बाळाला अपाय होतो असे नाही, पण भीती किती अनाठायी होती ते कळते. आणखी एक गंमत. पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला आपण जे सिमेथिकोनचे थेंब देतो, तेही सिलिकॉनचेच संयुग आहे.

१९९९ साली अमेरिकेच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन'ने सगळा पुरावा तपासला. इम्प्लांट असलेल्या आयांनी स्तनपान टाळण्याचे कारण नाही, उलट त्यांना प्रोत्साहन द्यावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे २००६ मध्ये एफडीएने सिलिकॉन जेलच्या इम्प्लांटना पुन्हा मान्यता दिली.

मग खरी अडचण कोणती?

दूध बाधते का, यावर एवढा गदारोळ झाला. दूध पुरते का, हा प्रश्न मात्र मागे राहिला. १९९६ साली त्याच ह्युस्टन शहरातून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इम्प्लांट असलेल्या ४२ आयांची तुलना इम्प्लांट नसलेल्या तितक्याच आयांशी केली गेली. इम्प्लांट असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणींना दूध अपुरे पडले होते. स्तनाग्राभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या कडेने छेद घेतलेल्यांत ही अडचण सर्वांत जास्त होती.

कारण समजण्यासारखे आहे. बाळ चोखू लागले की स्तनाग्राच्या नसांतून मेंदूला संदेश जातो. मग प्रोलॅक्टिन दूध तयार करवते आणि ऑक्सिटोसिन पान्हा सोडवते. वर्तुळाच्या कडेचा छेद या नसांना आणि दुधाच्या नलिकांना इजा करू शकतो. स्तनाखालच्या घडीतून किंवा काखेतून छेद घेतला तर ही शक्यता कमी असते. शिवाय काही जणींमध्ये दुधाच्या ग्रंथी मुळातच कमी वाढलेल्या असतात, आणि स्तन लहान दिसतात म्हणूनच त्यांनी इम्प्लांट बसवलेले असते. अशा वेळी कमी दुधाचा दोष इम्प्लांटला देता येत नाही.

आकाराचे काय?

गरोदरपणात ग्रंथी वाढतात, त्वचा ताणली जाते. पाजणे थांबल्यावर ग्रंथी आक्रसतात आणि स्तन ओघळतात. इम्प्लांट स्वतः ना फुगते, ना आटते. त्याच्यावरचा स्तन बदलतो आणि म्हणून पूर्वीचा घाट राहत नाही. "पाजल्यामुळे स्तन ओघळतात" ही समजूत मात्र २००८ साली अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाच्या अभ्यासाने खोडून काढली. वय, वजन, बाळंतपणांची संख्या आणि धूम्रपान यांचा संबंध दिसला, स्तनपानाचा नाही. म्हणजे आकार टिकवण्यासाठी बाळाचे दूध तोडणे व्यर्थ आहे.

तुम्ही काय करावे?

- शस्त्रक्रिया अजून व्हायची असेल आणि पुढे मूल हवे असेल, तर सर्जनला ते आधी सांगा. छेद कुठून घेणार, हे विचारा.
- बाळंतपण होऊन पाजणेही थांबले असेल, तर शस्त्रक्रियेआधी स्तनांना पूर्ववत व्हायला काही महिने द्या.
- इम्प्लांट असेल, तर प्रसूतीतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ दोघांनाही सांगा. यात लाजण्यासारखे काही नाही. घरच्यांना सांगायचे की नाही, हे तुम्ही ठरवा.
- पहिल्या दिवसापासून पाजा. बाळाचे वजन नियमित करा, लघवी किती वेळा होते ते पाहा. दूध कमी पडले, तर वरचे दूध जोडीला द्या, पण अंगावरचे सोडू नका. थोडे दूधही मोलाचे असते.
- स्तन लाल होऊन दुखला, ताप आला, तर लगेच दाखवा. गाठीतला पू काढायची वेळ आली, तर सुई सोनोग्राफीत पाहूनच घालावी लागते, नाहीतर इम्प्लांटला छिद्र पडू शकते. म्हणून ते असल्याचे डॉक्टरला आठवणीने सांगा.
- इम्प्लांट आयुष्यभर टिकत नाही. पाजणे थांबल्यावर एकदा सर्जनकडून तपासून घ्या.

"सिलिकॉन दुधात उतरेल का?" या प्रश्नाचे उत्तर मिळून आता पाव शतक होऊन गेले आहे. तुम्ही विचारायला हवे ते एवढेच : "माझ्या बाळाला दूध पुरते आहे का?" त्याचे उत्तर बाळाचा वजनकाटा देईल.