धुके, तारा आणि तिसरा वाचक : अनंत काणेकरांच्या मध्यस्थीविषयी

सोव्हिएत रशिया आणि पाश्चात्त्य जग यांच्यामध्ये वावरणाऱ्या पत्रकाराला आपण ‘दुवा’ म्हणतो. या रूपकात दोनच पक्ष गृहीत धरलेले असतात. मराठीतील अशा मध्यस्थीचा विचार करताना ते अपुरे पडते; कारण येथील वाचक त्या दोहोंपैकी कोणत्याच पक्षाचा नव्हता. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) हे प्रवासवर्णन या दृष्टीने पुन्हा तपासण्याजोगे आहे.

काणेकर (जन्म १९०५) हे कवी, लघुनिबंधकार आणि ‘चित्रा’, ‘आशा’ या साप्ताहिकांचे संपादक. त्यांच्या वाचकापर्यंत रशिया पोहोचत होता तो प्रामुख्याने इंग्रजीतून. मीरत खटल्यातील अटकसत्र १९२९ चे. कम्युनिस्ट पक्षावर १९३४ मध्ये बंदी आली आणि ती १९४२ मध्ये उठली. अशा काळात वेब दांपत्याचा १९३५ चा गौरवग्रंथ आणि आंद्रे जीद यांचे १९३६ चे भ्रमनिरासाचे कथन ही दोन टोके समोर होती. परंतु आशा आणि निराशा, दोन्ही पश्चिमेच्याच होत्या. लालजी पेंडसे यांच्या ‘साहित्य आणि समाजजीवन’ने (१९३५) मार्क्सवादी विचार मराठी समीक्षेत आणला होता, प्रत्यक्ष पाहिलेला रशिया मात्र दुर्मीळच होता.

काणेकरांचे शीर्षक हीच एक भूमिका आहे. युरोप हे गंतव्य न राहता वाटेवरचे धुके ठरते. विलायतेकडे तोंड करून उभ्या असलेल्या मराठी प्रवासलेखनाची दिशाच येथे बदलते. ज्याच्यावर पश्चिमेचे राज्य आहे असा वाचक दोन्ही जगांना तिसऱ्या ठिकाणाहून न्याहाळू शकतो, ही शक्यता त्यातून खुली होते.

या लेखनप्रकाराची मर्यादाही तेथेच आहे. लघुनिबंधाच्या मैत्रीपूर्ण सुराने दूरचा देश घरगुती होतो. पण ‘मी पाहिले’ या प्रमाणावर उभे असलेले लेखन पाहुण्याला न दाखवलेल्या गोष्टींविषयी मुके राहण्याचा धोका पत्करते. १९३६ ते १९३८ या काळातील मॉस्को खटले आणि त्यांमागील दहशत पाहुणचाराच्या कक्षेत येणारी नव्हती. शिवाय पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा ऑगस्ट १९३९ च्या हिटलर-स्टालिन कराराने ताऱ्याचा अर्थच डळमळीत केला होता. जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर आक्रमण केल्यावर तो पुन्हा पालटला.

१९६१ मध्ये अण्णा भाऊ साठे रशियाला गेले. ‘माझा रशियाचा प्रवास’ या त्यांच्या शीर्षकात धुके नाही. ‘माझा’ हा शब्द मात्र आहे. सुशिक्षित संपादकाच्या मध्यस्थीकडून श्रमिक लेखकाच्या स्वाधिकाराकडे झालेले हे स्थित्यंतर होय. काणेकरांना केवळ ‘रशियाप्रेमी’ ठरवले, तर या स्थित्यंतराचा आरंभबिंदूच आपल्या हातून निसटतो.