जांभ्यातील गुहा (सातारा जिल्हा)

महाबळेश्वर-पाचगणी परिसरातील पठारांच्या कडांना आढळणाऱ्या नैसर्गिक गुहा. पाचगणीजवळच्या राजपुरी गावच्या गुहा, टेबललँडच्या कडेची ‘डेव्हिल्स किचन’ आणि महाबळेश्वरची ‘रॉबर्स केव्ह’ या त्यांपैकी परिचित.

उत्पत्ती : सातारा-सांगली हा काळ्या कातळाचा, म्हणजे बेसाल्टचा मुलूख. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर येथे एकावर एक बसले आहेत. चुनखडीचे जाड थर नसल्याने बस्तरच्या कुटुमसरसारख्या विरघळून झालेल्या गुहा आणि त्यांतील लवणस्तंभ येथे नाहीत. मात्र सुमारे 1,300 मीटर उंचीवरील या पठारांच्या माथ्यावर जांभ्याचे आवरण आहे. उष्ण, दमट हवेत बेसाल्ट दीर्घकाळ कुजला. त्यातील सिलिका व क्षार पाण्याबरोबर निघून गेले आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली. त्यांचाच हा तांबूस, छिद्राछिद्रांचा खडक बनला. उघड्यावर तो टणक होतो. त्याच्या तळाशी मात्र अर्धवट कुजलेल्या खडकाची चिकणमाती असते. ओली असताना ती नखानेही उकरता येते. पावसाचे पाणी जांभ्यातील भेगा-छिद्रांतून झिरपून या मातीवर अडते, कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते आणि जाताना माती धुऊन नेते. खाली पोकळी वाढते, वर टणक जांभा छतासारखा तरून राहतो. आधार सुटला की छताचे मोठमोठे ठोकळे कोसळतात. त्यामुळे अशा गुहा सहसा कड्याच्या पायथ्याशी, रुंद तोंडाच्या व बुटक्या असतात.

लोकपरंपरा : राजपुरीच्या गुहांत कार्तिकस्वामींनी तप केले, अशी श्रद्धा आहे. तेथे त्यांचे स्थान असून लगतच्या कुंडांतील पाणी पवित्र मानले जाते. डेव्हिल्स किचनचा संबंध पांडवांच्या वनवासाशी जोडला जातो.

लेण्यांपासून वेगळेपण : कराडजवळ जखिणवाडीच्या आगाशिव डोंगरातील बौद्ध लेणी आणि मिरज तालुक्यातील दंडोबाचे गुहामंदिर ही कातळात माणसाने कोरलेली आहेत, त्यांची गणना नैसर्गिक गुहांत होत नाही.

संरक्षण : महाबळेश्वर-पाचगणी परिसर 2001 मध्ये केंद्र शासनाने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला. माथ्यावरील खोदकाम, बांधकाम किंवा सांडपाणी यांमुळे झिरपण्याच्या वाटा बदलल्या, तर त्याचा परिणाम खालच्या झऱ्यांवर व गुहांच्या छतांवर होऊ शकतो.